मायक्रोवेव्ह तापत नाही: बिघाड शोधायचा कसा आणि थांबायचं कुठे

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये माझे जेल बिघडायला लागले. बँड वाकडे येत, कधी लाटांसारखे, कधी नुसता धूर सोडल्यासारखा पट्टा. मी काय केलं असेल? पहिल्यांदा प्रायमरवर शंका घेतली. नवे मागवले. मग पीसीआरचं तापमान बदललं. मग एकाच दिवशी बफर नवा केला आणि अ‍ॅगरोजची बाटलीही नवी फोडली. त्या दिवशी जेल छान आला. मी वहीत लिहिलं, "जुना बफर खराब होता." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धूर.

तीन आठवडे गेले. पण खरं दुखणं वेगळं होतं. माझा डीएनए पावसाळ्यात गोळा केलेल्या पानांमधून काढलेला. "पीसीआर फसतोय" असं समजून मी तो पुन्हा पुन्हा वापरत राहिले आणि ११ नमुन्यांपैकी ३ संपले. ती पानं पुन्हा मिळणार पुढच्या पावसाळ्यात.

दोष प्रायमरचा नव्हता आणि बफरचाही नव्हता. जेलसाठी अ‍ॅगरोज वितळवायला वापरतो तो, "यात खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत" असा स्टिकर लावलेला मायक्रोवेव्ह कमी तापत होता. आज त्याचीच गोष्ट सांगते. निमित्त मायक्रोवेव्हचं आहे, पण संशोधनाला लागणार असाल तर बिघाड शोधणं हे तुमचं निम्मं काम असणार आहे आणि कुठल्याही अभ्यासक्रमात त्याचा पेपर नाही.

आधी जेलचा संबंध

अ‍ॅगरोज ही समुद्री शेवाळापासून मिळणारी पूड. बफरमध्ये घालून उकळली की विरघळते, साच्यात ओतली की थंड होऊन तिची जाळी तयार होते. डीएनएचे तुकडे त्या जाळीतून आकारानुसार मागेपुढे सरकतात. अ‍ॅगरोज नीट वितळायला साधारण ८५-९० अंशांच्या वर जावं लागतं. ते झालं नाही तर पारदर्शक कण तसेच राहतात, जाळी एकसारखी होत नाही आणि डीएनए वाट फुटेल तसा जातो.

माझ्या वहीत प्रोटोकॉल असा होता: "मायक्रोवेव्ह, २ मिनिटं." इथेच पहिली चूक. "फ्लास्क उजेडात धरल्यावर एकही कण दिसेनासा होईपर्यंत" असं लिहायला हवं होतं. दोन मिनिटं ही यंत्राची सेटिंग झाली. मला हवा होता तो परिणाम, आणि तो मी लिहिलाच नव्हता. यंत्र बदललं तेव्हा सेटिंग तीच राहिली, परिणाम बदलला. आणि तो एक चांगला जेल? त्या दिवशी फोन आला म्हणून द्रावण थंड झालं होतं आणि मी ते पुन्हा दोन मिनिटं तापवलं होतं. श्रेय मात्र बफरला मिळालं.

शेवटी सांगितलं ते लॅबमधल्या मामांनी. ते माध्यमं बनवतात, रोज तोच मायक्रोवेव्ह वापरतात. म्हणाले, "ताई, हल्ली त्याला जोर नाही. मी तर तीन-साडेतीन मिनिटं लावतो." कधीपासून, विचारलं तर म्हणाले, "गणपतीनंतर. टेबल हलवलं ना आपण, तेव्हापासून."

मी "जोर नाही" एवढंच ऐकलं. वाक्याचा दुसरा भाग लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येऊ.

"पॉवर गेली" म्हणजे नक्की काय?

दुरुस्तीवाल्याला फोन केला. लक्षण ऐकून तो म्हणाला, "मॅग्नेट्रॉन गेला असेल. त्यापेक्षा नवीनच घ्या." सर सही करायला तयारही झाले होते. पण "पॉवर गेली" हे एकच लक्षण नाही, त्यात तीन वेगळी लक्षणं दडलेली आहेत:

१. काहीच चालू होत नाही. दिवा नाही, आवाज नाही.
२. दिवा लागतो, ताट फिरतं, पंखा चालतो, पण पाणी थंडच राहतं.
३. तापतं, पण पूर्वीपेक्षा कमी.

पहिल्यात संशय सॉकेट, वायर, फ्यूज यांच्यावर. दुसऱ्यात वीज आत पोचलेली आहे, म्हणजे संशय पुढच्या भागावर. तिसरं सगळ्यात फसवं, कारण यंत्र "चालू" असतं आणि कोणी तक्रारच करत नाही. जो तो आपापली मिनिटं वाढवतो. आमचं तिसरं होतं.

आत काय चालतं

साखळी अशी आहे. सॉकेटमधली २३० व्होल्ट वीज फ्यूजमधून आणि दाराच्या स्विचांमधून जाते. दार उघडं असताना यंत्र चालूच होऊ नये म्हणून असे साधारण तीन स्विच असतात. पुढे कंट्रोल बोर्ड किंवा टायमर. मग ट्रान्सफॉर्मर, जो व्होल्टेज २००० च्या आसपास नेतो. कपॅसिटर आणि डायोड मिळून ते आणखी वाढवतात, ४००० व्होल्टच्या घरात. ते मिळतं मॅग्नेट्रॉनला. रडारसाठी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी ज्या प्रकारचा मॅग्नेट्रॉन बनवला, त्याच कुळातला हा. तो २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी तयार करतो, त्या एका नळीतून आतल्या पेटीत येतात आणि पाणी त्या शोषून तापतं.

एवढी साखळी कागदावर काढा. प्रत्येक कडी एक संशयित. आता एकेक कडी बदलत बसायचं का? नाही. साखळीच्या मध्यावर कुठेतरी मोजायचं. तिथपर्यंत सगळं ठीक असेल तर अलीकडच्या सगळ्या कड्या एका फटक्यात सुटल्या. ठीक नसेल तर आधी अलीकडेच शोधायचं. डिक्शनरीत शब्द शोधताना आपण मधलं पान उघडतो, तसंच.

थांबा: झाकण उघडायचं नाही

इथपर्यंत आल्यावर आमचा ज्युनिअर स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. "उघडून बघू का? प्लग काढलाय." मी नको म्हटलं. तुम्हीही म्हणा.

त्या कपॅसिटरची धारकता साधारण १ मायक्रोफॅरड असते आणि तो २००० व्होल्टच्या वर चार्ज होतो. प्लग काढल्यावरही तो चार्ज राहू शकतो. तो हळूहळू उतरावा म्हणून बहुतेक कपॅसिटरमध्ये रोधक बसवलेला असतो, पण तो खराब झाला असेल तर बाहेरून कळत नाही. घरातल्या उपकरणांमध्ये मायक्रोवेव्ह हे उघडायला सगळ्यात धोकादायक उपकरणांपैकी एक आहे. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. शिवाय दाराची फट किंवा स्विच बिघडवून ठेवला तर लहरी बाहेर यायचा धोका वेगळाच.

आणि उघडायची गरजही नव्हती. पुढचं सगळं आम्ही बाहेरूनच केलं.

चाचणी पहिली: पाणी

"जोर नाही" हे मत झालं. त्याचा आकडा करायचा. त्यासाठी लागतं १ लिटर पाणी, एक थर्मामीटर आणि घड्याळ.

- काचेच्या भांड्यात मोजून १ लिटर पाणी घ्या. नळाचं चालेल. ढवळून तापमान नोंदवा.
- थर्मामीटर बाहेर काढा. पूर्ण पॉवरवर बरोबर ६० सेकंद तापवा.
- लगेच ढवळा आणि पुन्हा तापमान घ्या. न ढवळता घेतलेलं तापमान खोटं असतं, कारण पाणी सगळीकडे सारखं तापत नाही.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. ६० सेकंदांनी भागलं की ७० येतात. म्हणून सोपं सूत्र: तापमान जितके अंश वाढलं, गुणिले ७०, इतके वॅट पाण्यात उतरले.

१ लिटरच का? १०० मिलिलिटर का नाही? कारण पाणी कमी असलं की ते सगळ्या लहरी शोषू शकत नाही आणि पॉवर कमी दिसते. शिवाय ते लवकर उकळायला लागतं, मग ऊर्जा वाफेत जाते. मोजमाप निवडताना हा प्रश्न नेहमी विचारा: मी जे मोजतोय ते मला हवं तेच आहे का?

यंत्रामागच्या पट्टीवर दोन आकडे असतात. आमच्याकडे इनपुट १२०० वॅट, आउटपुट ८०० वॅट. पाण्याच्या चाचणीची तुलना आउटपुटशी करायची. ज्युनिअरने ती १२०० शी केली आणि निम्मी पॉवर गायब म्हणून घाबरला. पण भिंतीतून घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता म्हणून वाया जातो, हे चांगल्या यंत्रातही होतं.

आमची तापमानवाढ आली ८.६ अंश. म्हणजे सुमारे ६०० वॅट. जोर खरंच नव्हता.

चाचणी दुसरी: किती वीज ओढतोय?

आता साखळीच्या मध्यावर मोजायचं. प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो, तो व्होल्ट, अँपिअर आणि वॅट तिन्ही दाखवतो. पाण्याचं भांडं आत ठेवून (रिकामा मायक्रोवेव्ह कधीच चालवू नका) एक मिनिट आकड्याकडे बघायचं. तो काय सांगतो?

- फक्त काही दहा वॅट: दिवा, पंखा आणि ताट एवढंच चालू आहे. जास्त व्होल्टेजचा भाग वीज घेतच नाही. दाराचा स्विच, रिले किंवा आतला काही भाग. दुरुस्तीवाल्याकडे.
- पूर्ण आकडा आणि दहा वॅट यांच्यात उड्या: बहुधा पॉवर १०० टक्क्यांवर लावलेली नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हमध्ये "५० टक्के" म्हणजे अर्धा वेळ पूर्ण चालू, अर्धा वेळ बंद. (इन्व्हर्टर प्रकारात असं होत नाही, तिथे पॉवर खरोखर कमी होते.) पॉवर पूर्णवर असेल तर यंत्र तापून मध्येच बंद पडतंय का बघा. मागची जाळी धुळीने बुजलेली किंवा भिंतीला चिकटलेली असते.
- स्थिर, पण नेहमीपेक्षा कमी: एक तर येणारं व्होल्टेज कमी, नाहीतर आतला भाग अशक्त. व्होल्टचा आकडा बघा.
- पूर्ण वॅट, तरी पाणी कमी तापतं: आधी स्वतःच्या पाण्याच्या मोजमापावर शंका घ्या. ते बरोबर निघालं तरच यंत्रावर.

एक इशारा. फ्यूज उडला असेल तर नवा बसवून सुटका होत नाही. फ्यूज उडणं हा परिणाम आहे, कारण दुसरीकडे असतं. दार लावता-उघडताना उडत असेल तर संशय दाराच्या स्विचांवर.

आमच्याकडे आकडा स्थिर होता: ९३० वॅट. १२०० च्या जवळपास हवा होता. मग व्होल्ट पाहिले: १९७.

गंमत म्हणजे विभागाच्या इलेक्ट्रिशियनने आदल्याच आठवड्यात बोर्ड तपासला होता. "२२६ व्होल्ट, ओके" असं सांगून गेला होता. तो खोटं बोलला नव्हता. मायक्रोवेव्ह बंद असताना आमचा मीटरही २२६ च दाखवत होता. स्टार्ट दाबलं की १९७. दोष ज्या परिस्थितीत दिसतो, त्याच परिस्थितीत मोजायला हवं. विश्रांतीत घेतलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून जिना चढताना दुखणाऱ्या छातीचा प्रश्न सुटत नाही.

आणि मग मामांचं वाक्य आठवलं

"टेबल हलवलं ना, तेव्हापासून." टेबल हलवल्यावर भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटपर्यंत वायर पुरेना. कोणीतरी कन्व्हर्टर प्लग लावून मायक्रोवेव्ह एका लांब, बारीक वायरच्या एक्स्टेंशन बोर्डावर दिला. उरलेली वायर गुंडाळून टेबलाखाली सरकवली.

आता गृहीतक तयार झालं: दोष यंत्रात नाही, बोर्डात आहे. याची चाचणी सोपी. तोच मायक्रोवेव्ह, तेच भांडं, एकदा बोर्डावर आणि एकदा थेट भिंतीवर. पण इथे एक खाच आहे. आधी तीन वेळा बोर्डावर आणि मग तीन वेळा भिंतीवर घेतलं तर? मॅग्नेट्रॉन तापला की आउटपुट थोडं घसरतं, तेव्हा फरक सॉकेटचा की क्रमाचा, हे सांगता येणार नाही. म्हणून आलटून पालटून घेतलं, मध्ये पंधरा मिनिटं थांबून, दर वेळी ताजं पाणी.

बोर्डावर: ८.६, ८.१, ८.४ अंश. सरासरी सुमारे ५८६ वॅट.
भिंतीवर: १०.६, १०.९, १०.५ अंश. सरासरी सुमारे ७४७ वॅट.

एकाच सॉकेटवरच्या मोजमापांत जास्तीत जास्त अर्ध्या अंशाचा फरक आणि दोन सॉकेटांत सव्वादोन अंशांहून जास्त. इथे टी-टेस्टची वाट पाहायची गरज नव्हती. ८०० ऐवजी ७४७ का? काचेचं भांडंही तापतं, त्याचे साधारण ६ टक्के धरले की हिशोब ८०० च्या जवळ येतो. शिवाय स्टार्ट दाबल्यावर मॅग्नेट्रॉन दोन-तीन सेकंद तापेपर्यंत लहरी देतच नाही.

भिंतीवर वॅटमीटरने चालू असताना दाखवले २२१ व्होल्ट आणि ११८० वॅट. आता भागाकार करून बघा. भिंतीवर ७४७ भागिले ११८०, बोर्डावर ५८६ भागिले ९३०. दोन्हीकडे ६३ टक्के. मिळालेल्या विजेतला तेवढाच हिस्सा मॅग्नेट्रॉन पाण्यात उतरवत होता. तो अशक्त झालेला नव्हता, उपाशी होता. दुरुस्तीवाल्याचं निदान या एका भागाकाराने बाद झालं.

उरला एक प्रश्न. हरवलेले व्होल्ट गेले कुठे? भिंतीवर २२१, बोर्डावर १९७, फरक २४. सुमारे ५ अँपिअर वीज वाहत होती, म्हणजे १२० वॅट वाटेतच खर्च होत होते. कन्व्हर्टर प्लग ओढून काढला तर एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं. सैल पिन, आणि तिथे प्रत्येक वेळी उष्णता. त्या बोर्डापासून हातभर अंतरावर इथेनॉलचा कॅन होता.

माझे तीन नमुने गेले म्हणून मी हळहळत होते. तो प्लग बघितल्यावर वाटलं, तीन नमुन्यांवर निभावलं. आणि समजा, आम्ही नवा मायक्रोवेव्ह घेतला असता? तोही त्याच बोर्डावर लागला असता.

तुमच्या वहीसाठी

या प्रकरणानंतर मी वहीच्या पहिल्या पानावर पाच ओळी लिहिल्या आहेत.

१. लक्षण आकड्यात लिहा. "नीट चालत नाही" हे लक्षण नव्हे.
२. "शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं?" हा प्रश्न यंत्र रोज वापरणाऱ्याला विचारा. आणि उत्तर पूर्ण ऐका.
३. दोन संशयितांना वेगळं करेल अशी चाचणी आधी, तीही स्वस्त आणि सुरक्षित. नवा भाग बसवून बघणं ही शेवटची चाचणी.
४. एका वेळी एकच गोष्ट बदला. चांगला निकाल आला तर बदल मागे घ्या आणि दोष परत येतो का बघा.
५. न भरून येणारी गोष्ट (नमुना, वेळ, जीव) चाचणीत खर्च करायची नाही. मला आधी जुन्या, भरपूर असलेल्या डीएनएवर जेल चालवून बघता आला असता. नुसता बाजारातला लॅडर चालवला असता तरी चाललं असतं. लॅडरसुद्धा वाकडा आला असता आणि पीसीआर त्याच संध्याकाळी निर्दोष सुटला असता.

पाचवी ओळ सगळ्यात उशिरा सुचली, म्हणून सगळ्यात महाग पडली.

आता गृहपाठ. घरच्या किंवा होस्टेलच्या मायक्रोवेव्हची पाण्याची चाचणी आजच करा, तो चांगला चालत असताना. आकडा आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या बाजूला लावा. आमच्या मायक्रोवेव्हवर आता तशी पट्टी आहे: "७४७ वॅट, भिंतीचं सॉकेट." बिघाडाच्या दिवशी तुलना करायला चांगल्या दिवसाचा आकडा लागतो, आणि तो नंतर मिळत नाही. मामा दर महिन्याच्या एक तारखेला चाचणी करतात आणि खाली नवा आकडा लिहितात.

माझ्या तक्त्यात मात्र अजून तीन रकाने रिकामे आहेत. पाऊस सुरू झाला की पानं आणायला जायचंय.